खरवड्या

जेवणाच्या सुट्टीत टायपिस्टबाईंनी तो शब्द उच्चारला तेव्हा हेडक्लार्कच्या तोंडात घास होता, आणि तो घास त्याने गरजेपेक्षा बराच जास्त वेळ चावला. शब्द त्याला उद्देशून नव्हता. सकाळी बसच्या रांगेत कुणीतरी बाईंच्या पुढे घुसला होता, वर त्यांनाच चार शब्द ऐकवून गेला होता, आणि हे सगळं साग्रसंगीत सांगून झाल्यावर शेवटी त्या म्हणाल्या, "एक नंबरचा खरवड्या होता मेला." बास. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. रांगेतला तो माणूस त्या एका शब्दाने सगळ्यांना दिसला: आवाज चढलेला, पाय ठरत नाहीत, कारण नसताना दात काढून हसतोय, लाज कोळून प्यायलेला. शब्द असा असावा, हेडक्लार्कला वाटलं. चार अक्षरांत आख्खा माणूस उभा करून त्याला दाराबाहेर हाकलूनही देतो. मग कॅशियरने, डब्याचं झाकण लावता लावता, सहज विचारलं की हा शब्द मुळात आला कुठून. स्टोअरकीपर म्हणाला की जहाजांवरच्या परदेशी खलाशांनी आणला, त्यांच्या भाषेत असलंच काहीतरी दारुड्याला म्हणतात. टायपिस्टबाईंना ते पटलं नाही. आणि मग सगळ्यांच्या नजरा सवयीने त्याच्याकडे वळल्या, कारण ऑफिसातल्या सगळ्या पत्रांचे मसुदे तो करायचा आणि शब्दांतलं त्याला कळतं अशी त्याची ख्याती होती. मूग गिळून बसता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे समजावून सांगितलं की भांड्याच्या बुडाला करपून जे चिकटतं ती खरवड. दुसऱ्याच्या घरच्या भांड्याची खरवड खाऊन जगणारा तो खरवड्या. म्हणजे आधी नुसता फुकट्या, आयतोबा. मग हळूहळू अर्थ पसरला. "बघा," कॅशियर म्हणाला, "म्हणून यांना विचारायचं." सगळ्यांचं समाधान झालं. बाप विकायला काढला असता तर चार पैसे तरी सुटले असते. त्याने तो डबे धुवायच्या वेळेला फुकटात देऊन टाकला.

त्या दिवशी त्याने अर्धी रजा घेतली होती. कानाच्या दवाखान्यात जायचं होतं. त्याची मुलगी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण पहिल्या पगारापासून तिच्या डोक्यात एकच होतं, आजोबांना कानाचं यंत्र घ्यायचं. आता ते आलंही होतं, आज बसवायचं होतं, आणि ती आजोबांना घेऊन परस्पर तिथे पोचणार होती. चांगली गोष्ट होती. सगळे म्हणत होते, चांगली गोष्ट आहे. फक्त त्यालाच गेले पंधरा दिवस ती नको होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. यंत्राचा विषय त्याने स्वतः किती वेळा टोलवला होता. या वयात सोसणार नाही, डोकं दुखतं म्हणे त्याने, शेजाऱ्यांच्या सासऱ्यांनी घेतलं आणि कपाटात टाकलं. बायकोला वाटायचं हा पैशाला बघतो. वाटू दे, तो म्हणायचा मनाशी. कंजूष ठरलेलं परवडलं. आता दवाखान्याच्या रस्त्याला लागल्यावर त्याला कळत होतं की इतकी वर्षं आपण एका बहिऱ्या माणसाच्या बहिरेपणावर पहारा देत होतो. पहारेकऱ्याला आज रजा मिळाली होती, तीही अर्धी.

वडील खरवड्या होते. आजच्या अर्थाने नव्हे, मूळच्या. म्हणजे एकमेव खऱ्या अर्थाने. शहराच्या कडेला रंगाचे आणि तेलाचे कारखाने होते आणि त्यांच्या आवारात दोन-दोन मजले उंच बंद टाक्या असायच्या. टाकी रिकामी झाली तरी आत भिंतींना थर राहायचा, बोटभर, कधी वीतभर, वाळून दगड झालेला. तो काढायला टाकीच्या पोटाशी असलेल्या भोकातून माणूस आत जायचा. भोक एवढं, की खांदे तिरके केल्याशिवाय शिरता येत नाही. अंगात फक्त चड्डी, कारण आत भट्टी असायची. कमरेला दोर. हातात छिन्नी, हातोडी आणि पात्याचं एक लांब हत्यार. आणि मग दिवसभर लोखंडावर लोखंड. बाहेर ऐकणाऱ्याच्या दातांतून कळ जायची, तर आतल्या माणसाच्या कानांचं काय होत असेल. दोन-चार वर्षांत कान जायचे. गेलेच पाहिजेत असा जणू नियमच होता. टाकीवर नवा आलेला माणूस ऐकू येतंय तोवर कच्चा समजला जायचा. या माणसांना कारखान्यात सगळे खरवडे म्हणायचे, तेही स्वतःला खरवडे म्हणायचे, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. सुताराला सुतार म्हणतात. वडील पावसापाण्याचं बोलावं तसं सांगायचे, आज मोठ्या टाकीला आमच्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय असायचं ते त्याला आठवत होतं. त्याला अभिमानच म्हणायला हवं.

आणि मग टाकीतली हवा. थराखाली काय काय कोंडलेलं असायचं, खरवडलं की ते सुटायचं. गोडसर वास. त्याने डोकं हलकं व्हायचं, जीभ सैल व्हायची, आणि माणूस हसायला लागायचा. उगीच. कुणी काही बोललेलं नसताना. टाकीवर दोघांची जोडी असायची, एक आत, एक बाहेर दोर धरून, ज्याचे कान अजून शाबूत असत असा. आणि बाहेरच्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जायची, हसला की ओढ. खोकला तर थांब, शिव्या दिल्या तर देऊ दे, हसला की ओढ. ओढून बाहेर काढलेला माणूस उन्हात उभा राहायचा तेव्हा त्याचे पाय त्याचे नसायचे. तो झोकांड्या खायचा, हसायचा, अंगावर चड्डीशिवाय काही नाही, काळा-निळा, आणि बहिरा असल्यामुळे आभाळ फाटेल एवढ्या आवाजात बोलायचा. दारूचा थेंब पोटात नसायचा. असे पाचसहा जण संध्याकाळी कारखान्याच्या दारासमोरच्या नळावर अंग धुवायला यायचे. समोर वसाहत झाली, नवी, चांगल्या लोकांची. चांगल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. खिडकीच्या काचेतून त्यांना काय दिसलं असेल? नागडे, झिंगलेले, खिदळणारे, ओरडणारे. आया पोरांना सांगायला लागल्या, खरवड्यासारखा ओरडू नकोस. खरवड्यासारखे दात काढू नकोस. त्याला एकदा वर्गात मास्तरांनी म्हटलं होतं, "खरवड्यासारखा काय चालतोस, पाय उचल." मास्तरांना ठाऊक नव्हतं हा कुणाचा मुलगा. त्याने पाय उचलले. ते अजूनपर्यंत खाली टेकले नाहीत असं त्याला कधीकधी वाटायचं.

शब्द मोठा होत गेला ते त्याने डोळ्यांदेखत पाहिलं. आधी वसाहतीपुरता होता. मग कुठल्याशा विनोदी नाटकात एक झिंगलेला नोकर आला आणि मालकिणीने त्याला खरवड्या म्हणताच थिएटर हसून लोळलं म्हणतात. मग तो शहराचा झाला. त्याच सुमारास कारखान्यांत वाफेची यंत्रं आली, नळी आत सोडली की टाकी आपोआप साफ. खरवड्यांची गरज संपली. काही मेले, काही कुठेकुठे पांगले. माणसं गेल्यावर शब्दाला रान मोकळंच मिळालं, कारण उलट बोलायला आता कुणी नव्हतं. बायकांनाही खरवडी म्हणायला लागले. त्याच्या स्वतःच्या ऑफिसात एका पत्राच्या मसुद्यात कुणीतरी 'खरवडेगिरी' असं लिहिलं होतं आणि त्याने ते खोडून 'गैरवर्तन' असं केलं होतं. साहेबांनी त्याच्या भाषेची तारीफ केली होती.

आणि या सगळ्यातलं एक अक्षर ज्याच्या कानावर पडलं नाही असा शहरातला एकमेव माणूस त्याच्या घरात मागच्या खोलीत राहत होता. वडिलांचे कान शब्द बाटायच्या आधी गेले होते. त्यांच्या लेखी तो जसा होता तसाच होता. पाहुणे आले, की वडील कपडे ठाकठीक करून बाहेर यायचे, नमस्कार करायचे, आणि कुणी काही विचारायच्या आत आपल्या त्या फाटक्या मोठ्या आवाजात सांगून टाकायचे, "मी खरवड्या! तीस वर्षं! मोठ्या टाकीचा!" पहिल्यांदा हे झालं तेव्हा लग्नाला चारच महिने झाले होते आणि समोर बायकोचे मामा बसले होते. मामा दचकले. हेडक्लार्क तेव्हा साधा क्लार्क होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, बाबांना थट्टा करायची सवय आहे. मामा मोठ्याने हसले. वडिलांनी मामांचं हसणं पाहिलं आणि तेही खुलले. त्या दिवशी ते जे झालं ते झालं. वेळ मारून नेली होती, पण मारलेली वेळ मेली नाही, ती घरातच राहिली. दर पाहुण्यापुढे तीच थट्टा. बायकोलाही ती थट्टाच वाटली, कारण सासरे कारखान्यात फोरमन होते असं तिला सांगितलेलं होतं. मुलगी तर त्या थट्टेवरच वाढली. तिच्या मैत्रिणी यायच्या त्या मुद्दाम आजोबांना विचारायच्या, हातवारे करून, आजोबा तुम्ही कोण, आणि आजोबा छाती काढून सांगायचे, आणि पोरी लोळायच्या. फक्त एक होतं. हसणं फार लांबलं, कुणाला आवरेनासं झालं, की वडिलांचा चेहरा बदलायचा. ते उठून खिडकी उघडायचे. एकदा तर एका मैत्रिणीच्या दंडाला धरून त्यांनी तिला ओढत बाल्कनीत नेलं होतं. तेवढं मात्र कुणालाच थट्टा वाटलं नाही. मुलीने त्याला विचारलं होतं, असं का करतात, आणि तो म्हणाला होता, वय.

वय नव्हतं. वडिलांचा एक जोडीदार होता, त्याला सगळे हसऱ्या म्हणायचे. नावाप्रमाणे होता, जेवताना हसायचा, पगार कापला तरी हसायचा, झोपेत हसायचा म्हणून त्याची बायको तक्रार करायची. त्याला बाहेर दोर धरून बसवायचे, आत पाठवायचे नाहीत, कारण तो आत असला तर कळणार कसं? पण एक दिवस माणूस कमी पडला आणि तो आत गेला, आणि दोर वडिलांच्या हातात होता. तेव्हा त्यांना थोडं थोडं ऐकू यायचं. आत हसऱ्या हसायला लागला. वडिलांना वाटलं, हसऱ्याच आहे. बाहेरून त्यांनीही हसून साद दिली. पुन्हा आतून हसणं. मग थांबलं, तेव्हा त्यांना वाटलं कामाला लागला असेल. हे वडिलांनी त्याला एकदाच सांगितलं होतं, आई गेली त्या आठवड्यात, ओरडून, कारण त्यांना हळू सांगता येत नव्हतं. आणि त्याने धावत जाऊन दार लावून घेतलं होतं, शेजारी ऐकतील म्हणून. लहानपणी तो स्वतः हसता हसता थांबेनासा झाला की दोन काळे हात बगलेत यायचे आणि त्याला उचलून उंबऱ्याबाहेर, मोकळ्या हवेत नेऊन ठेवायचे. त्या हातांची त्याला भीती वाटायची. मोठेपणी तो फारसा हसत नसे. ऑफिसात त्याला गंभीर प्रकृतीचा म्हणत.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. मुलगी आणि वडील आधीच येऊन बसले होते. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते समारंभाला आल्यासारखे ताठ होते. यंत्र बसवणारी बाई तरुण होती, हाताला हलकी. तिने त्यांच्या कानामागे ते चिमुकलं बोंड अडकवलं, काहीतरी फिरवलं, आणि मुलीला खूण केली. मुलगी म्हणाली, "आजोबा." साध्या आवाजात, ओरडून नाही. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "अगं, तुझा आवाज तर तुझ्या आजीचा आहे." आणि म्हणता म्हणता स्वतःच दचकले, हात कानाकडे गेला. "हे कोण ओरडलं?" बाई हसून म्हणाली, "तुम्हीच, आजोबा. तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता ना, म्हणून मोठ्याने बोलायची सवय लागलीय." वडील त्याच्याकडे वळले. हळू बोलायचा प्रयत्न करत, अडखळत, त्यांनी विचारलं, "मी एवढ्याने बोलत होतो? सगळ्यांशी? तुम्ही कुणी सांगितलं का नाही?" मुलीने त्यांचा हात दाबला आणि म्हणाली, आम्हाला आवडायचं. तिचे डोळे भरून आले होते. हेडक्लार्कलाही आनंद झाला, खरंच झाला; बापाने नातीचा आवाज ऐकला याचा कुणाला होणार नाही. पण त्या आनंदात त्याचं मन बसलं नाही. ते दारापाशी उभं राहून आत कोण येतंय ते बघत होतं.

टॅक्सीत तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, मागे खिडकीशी वडील आणि त्यांच्याजवळ मुलगी. वडील प्रत्येक आवाजाला विचारत होते, हा कशाचा, तो कशाचा. ब्रेकचा, हॉर्नचा, दुकानाचं शटर ओढल्याचा. मुलगी हौसेने सांगत होती. त्याला वाटायला लागलं होतं, उगीच घाबरलो. शहरात लाख शब्द असतात, तोच कशाला नेमका कानावर पडेल. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला डावीकडून घुसला, टॅक्सीच्या नाकापुढून कट मारून गेला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, आणि मुलीच्या तोंडून, जसा तो शहरात कुणाच्याही तोंडून निघतो तसा, निघाला. "खरवड्या कुठला!"

समोरच्या छोट्या आरशात त्याला वडिलांचा चेहरा दिसला. तसा चेहरा त्याने आई असतानासुद्धा क्वचितच पाहिला होता. गर्दीत आपल्याला कुणी नावाने हाक मारावी आणि आवाज ओळखीचा निघावा, तसे ते सरसावले, काच खाली करायला धडपडले, मान बाहेर काढली. "कोण? कुठे आहे? कुठल्या टाकीवरचा?"

ड्रायव्हरला गंमत वाटली. "आजोबा, एक शोधाल तर शंभर सापडतील," तो म्हणाला. "ते बघा, दुकानाबाहेर दोघे पडलेत ना? तेही खरवडेच."

सिग्नलला गाडी थांबली होती. फुटपाथवर दोन माणसं होती, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायावर, दोघांच्या अंगावर माश्या. वडिलांनी त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिलं, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. "मला नाही ओळखू येत," ते म्हणाले. "आमच्या वेळचे नसतील."

मुलगी हसायला लागली होती. थट्टाच होती ना ती, घरची, जुनी. मग तिने आजोबांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिने समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की आजोबा, तसल्या लोकांना म्हणतात ते. दारुडे, टवाळ, वाया गेलेले. शिवी आहे ती. वडिलांनी ते सगळं ऐकून घेतलं. यंत्र चांगलं होतं, एक शब्द सांडला नसेल. मग ते पुढे झुकले आणि त्यांचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"हो का रे?"

दुपारी टेबलापाशी त्याला किती सहज सुचलं होतं. तो समोरच्या लाल दिव्याकडे बघत म्हणाला, "म्हणतात तसं हल्ली."

"हल्ली म्हणजे?"

"बरीच वर्षं झाली."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

हात खांद्यावरून निघाला. ड्रायव्हरने बिचाऱ्याने रेडिओ लावला आणि लगेच बंदही केला. मग वडील म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता इतका जपून होता की आज सकाळपर्यंत आख्ख्या मजल्याला ऐकू जाणारा माणूस तो हाच हे कुणाला पटलं नसतं, "मी सगळ्यांना सांगत होतो की. येईल त्याला सांगत होतो."

त्या संध्याकाळी मुलीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. ती थट्टा नव्हती का, तिने विचारलं. तो म्हणाला, नव्हती. मग कोण होते आजोबा, तिने विचारलं, आणि त्याने सांगितलं. टाकी, दोर, नळ, सगळं, खालच्या आवाजात, कारण आता घरात हळू बोलायची पाळी आली होती. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मी मैत्रिणींना घेऊन यायचे, बाबा. आजोबांकडून वदवून घ्यायचे." तिने स्वतःला दोष दिला हे त्याला सगळ्यात लागलं, कारण ती एकटीच त्यात निर्दोष होती. ती मग आजोबांच्या खोलीत गेली आणि तिने त्यांच्याजवळ बसून माफी मागितली, ती टाक्यांबद्दल विचारायला लागली, आता तिला सगळं ऐकायचं होतं. वडील तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले की जाऊ दे, ते काही सांगण्यासारखं काम नव्हतं. त्याने दारातून हे ऐकलं. सांगण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर दुसरं काही सांगितलंच नव्हतं तो म्हणत होता.

सगळ्यांना वाटलं होतं म्हातारे यंत्र चार दिवसांत काढून ठेवतील. त्यांनी ते उठल्यापासून झोपेपर्यंत काढलं नाही. ते ऐकत बसायचे. खिडकीशी बसून रस्ता ऐकायचे, भिंतीपलीकडचे शेजारी ऐकायचे. तो शब्द कुठे कुठे येतो हे जणू त्यांना मोजून घ्यायचं होतं, आणि तो यायचा, शाळकरी पोरं एकमेकांना म्हणायची, भाजी घेताना बाई नवऱ्याबद्दल म्हणायची, लाडानेसुद्धा म्हणायची. वडिलांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. पाहुणे आले तर ते खोलीतून बाहेर येईनासे झाले. आणि हेडक्लार्क ऑफिसच्या कामाचा फोन घ्यायचा तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहायचे. त्याला वाटलं काही हवं असेल. काही नको असायचं. तो कसा बोलतो ते ते ऐकत होते, वाक्य कुठे थांबवतो, आवाज किती ठेवतो. एकदा खोलीतून कुजबुज ऐकू आली म्हणून त्याने डोकावून पाहिलं, तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि हळूहळू, चढलेला आवाज पुन्हा पुन्हा खाली आणत, नमस्कार, या, बसा, एवढंच म्हणत होते. तो मागच्या मागे परतला. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, ओरडा, आख्खी बिल्डिंग हादरू द्या, माझं काय जायचं ते गेलंच आहे. पण ओरडायची सवय त्याला नव्हती. ती त्याने लहानपणीच घालवली होती, प्रयत्नपूर्वक, शाळेच्या वाटेवर, असाच पुटपुटत.

पुढच्या आठवड्यात यंत्र तपासून घ्यायला त्याला एकट्यालाच वडिलांबरोबर जावं लागलं. मुलीला सुट्टी नव्हती. दवाखान्यातली बाई तीच होती. तिने यंत्र काढून पुसलं, परत बसवलं, आता कसं ऐकू येतंय विचारलं, आणि वडिलांनी छान म्हटल्यावर ती खूश झाली. कान तपासता तपासता तिने गप्पांच्या ओघात म्हटलं की दोन्ही कान सारखेच गेलेत, सहसा आवाजाच्या ठिकाणी काम केलेल्यांचे असे जातात. "आजोबा, काय काम करायचात तुम्ही?"

गेली कित्येक वर्षं या प्रश्नाला त्याचा जीव टांगणीला लागायचा आणि उत्तर पडायच्या आत त्याचं वाक्य तयार असायचं. आज त्याच्याकडे वाक्य नव्हतं. उलट त्याला वाटलं, सांगा. सांगा बाबा, या पोरीला सांगा, मोठ्या टाकीचा म्हणा, मी हसू देणार नाही तिला, मी सांगेन खरवड्या म्हणजे काय. त्याने तोंड उघडलंसुद्धा. वडिलांनी सदऱ्याची बाही सारखी केली. अगदी बेताच्या, शिकलेल्या आवाजात, वाक्य जिथे थांबवायचं तिथे थांबवत ते म्हणाले, "ऑफिसात होतो. कारकून. पत्रांचे मसुदे करायचो."

"वाटलंच मला," बाई म्हणाली. "तुमच्या बोलण्यावरून कळतं."

वडील मंद हसले, फार नाही. मग कान तसे का गेले असतील याबद्दल बाईने काहीतरी वयाचं वगैरे सांगितलं, आणि ते दोघं निघाले. जिन्यावर वडील कठडा धरून सावकाश उतरत होते. खाली रस्त्यावर आल्यावर, माणसांच्या गर्दीत, ते थांबले. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं तेव्हा त्या नजरेत राग असता तर त्याने तो घेतला असता, टोमणा असता तरी चाललं असतं. तसं काहीच नव्हतं. कामावर नव्या लागलेल्या माणसाला पहिलं काम जमलं का ते जुन्याला विचारायचं असतं, तेवढंच होतं.

"बरोबर बोललो ना मी?"

"बरोबर," तो म्हणाला.

रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता आणि त्याने ते ऑफिसातल्यासारख्या हळू आवाजात म्हटलं होतं. वडिलांनी कानामागे हात नेला, यंत्र नीट केलं, आणि मान त्याच्याजवळ आणली. "काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

लोक दोन्ही बाजूंनी जात होते. त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ओरडून सांगितलं, "बरोबर बोललात, बाबा."